गायरान अनादि नाही, गावकूसही अनादि नाही

परवा एका तालुक्याच्या न्यायालयात आमच्यासमोर प्रतिवादींची कैफियत आली. आमचे अशील भूमिहीन आहेत. त्यातली काही बौद्ध कुटुंबे आहेत, काही मातंग. दोन पिढ्यांपासून ती गायरानाचा एक तुकडा कसून खातात. त्यांना हुसकावून लावू नये म्हणून आम्ही मनाई हुकमाचा दावा दाखल केला आहे. कैफियतीत ग्रामपंचायतीचे म्हणणे असे की, ही जमीन अनादि काळापासून गावच्या गुरांच्या चराईसाठी राखीव आहे आणि वादींचे पूर्वज अनादि काळापासून गावाबाहेर राहत आले आहेत, त्यामुळे गावच्या जमिनीशी त्यांचा संबंध पोचत नाही.

एकाच परिच्छेदात 'अनादि काळापासून' हे शब्द दोनदा आले होते. एकदा गुरांसाठी आणि एकदा माणसांसाठी!

कोर्टात त्याचे उत्तर सोपे होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे मोकळी सरकारी जमीन गुरचरणासाठी नेमून देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. म्हणजे गायरान हुकमाने होते, आणि जे हुकमाने होते त्याला तारीख असते. पण घरी परतल्यावर आमच्या मनात दुसराच विचार घोळू लागला. आमच्या सभांमधून आम्ही स्वतः काय बोलतो? 'अनादि काळापासून आमच्यावर अन्याय झाला.' 'हजारो वर्षे आम्ही गावकुसाबाहेर.' हे बोलताना टाळ्या पडतात. परंतु जे अनादि ते निसर्गाचे आणि जे निसर्गाचे ते बदलता येत नाही, हाच तर प्रस्थापितांचा युक्तिवाद आहे. तो आपणच आपल्या तोंडाने मांडत नाही ना, याचा विचार चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी केला पाहिजे. म्हणून गाव कधी झाले, शेती कधी झाली आणि माणसाने गुरे कधी पाळली, हे एकदा नीट समजून घेऊ.

आपल्या जातीचा माणूस, म्हणजे आज पृथ्वीवर असलेला सर्व मानव, सुमारे तीन लाख वर्षांचा जुना आहे. शेती फार तर अकरा-बारा हजार वर्षांची. हे तीन लाख वर्षांचे आयुष्य एका वर्षात बसवले तर शेती, गाव, गोठा, धान्याचे कोठार, राजा, पुरोहित, पाटील, कुलकर्णी हे सगळे शेवटच्या पंधरवड्यात येते. बाकीचे साडेअकरा महिने माणूस शिकार करीत, कंदमुळे, फळे आणि रानटी धान्य गोळा करीत जगला. त्या काळात सातबारा नव्हता आणि गावकूसही नव्हते.

मग शेती आली कशी? कोणा देवाने नांगर दिला अशा कथा जगातल्या अनेक लोकांनी सांगितल्या आहेत. पुरावा वेगळे सांगतो. आजच्या इस्राएल, पॅलेस्टाईन, जॉर्डन, सीरिया, दक्षिण तुर्कस्तान, इराक आणि पश्चिम इराण या चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्यात रानटी गहू आणि सातू आपोआप उगवत. गॅलिली सरोवराच्या काठावर ओहालो येथे तेवीस हजार वर्षांपूर्वीची माणसे असे धान्य गोळा करून दगडावर भरडत होती. जॉर्डनमध्ये शुबायका येथे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीचे जळके तुकडे सापडले आणि २०१८ साली ते जगापुढे आले. ही भाकरी शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीची आहे. म्हणजे माणसाने भाकरी आधी केली आणि शेत नंतर केले.

हे धान्य किती मिळत असेल? जॅक हार्लन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६६ साली तुर्कस्तानच्या डोंगरात गारगोटीच्या पात्यांचा विळा घेऊन रानटी गहू स्वतः कापून पाहिला. तासाला साधारण एक किलो स्वच्छ धान्य हाती लागले. एखाद्या कुटुंबाने तीन आठवडे अशी कापणी केली तर वर्षभर पुरून उरेल एवढे धान्य जमा होईल, असा हिशेब त्याने मांडला. एवढे धान्य पाठीवर घेऊन भटकता येत नाही. ते साठवायचे तर तिथेच राहावे लागते. म्हणूनच त्या भागात शेतीच्या आधी वस्ती झाली. नातुफी म्हणून ओळखले जाणारे लोक पेरणी न करताही घरे बांधून राहत होते.

पुढची गोष्ट आपल्या शेतकरी आणि शेतमजूर वाचकाला चटकन समजेल. रानटी गव्हाची ओंबी पिकली की फुटते आणि दाणे जमिनीवर विखुरतात. त्यातच त्या झाडाचा वंश चालतो. पण हजारात एखादे झाड असे निघते की ज्याची ओंबी फुटत नाही. रानात असे झाड मरते. माणूस विळा चालवतो तेव्हा मात्र त्याच झाडाचे दाणे जास्त हाती येतात आणि त्यातलेच दाणे पुढच्या वर्षी पेरले जातात. अशा शेकडो पिढ्यांच्या निवडीतून न फुटणाऱ्या ओंबीचा गहू तयार झाला. या कामाला दोन-तीन हजार वर्षे लागली असे पुरातत्त्वातले धान्याचे अवशेष दाखवतात. आपल्याकडे सांगली-साताऱ्यात आजही पिकणारा खपली गहू हा त्या पहिल्या पिकांपैकी एक. त्याच्याबरोबर सातू, मसूर, वाटाणा, हरभरा आणि जवस. चीनमध्ये भात आणि राळा, मेक्सिकोत मका, असे जगात अनेक ठिकाणी लोकांनी आपापल्या बुद्धीने हे घडवले. कोणा एका वंशाने ते जगाला शिकवले नाही. बियाणे निवडणे हे मानवी इतिहासातले एक अत्यंत मोठे संशोधन आहे आणि ते ज्यांनी केले त्यांना अक्षरओळख नव्हती. ज्ञान आमच्या घराण्यातच जन्मले असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

जनावरांची कथाही अशीच आहे. कुत्रा शेतीच्या आधीचा, किमान चौदा हजार वर्षांपासून माणसाच्या सोबतीला. शेळी, मेंढी, गाय आणि डुक्कर शेतीच्या सुरुवातीच्या काळात आले. इराणमध्ये गंज दरेह येथे दहा हजार वर्षांपूर्वीची शेळ्यांची हाडे सापडली. मेलिंडा झेडर आणि ब्रायन हेसे यांनी ती तपासून २००० साली निष्कर्ष मांडला. शिकारी मोठा बोकड मारतो, कारण मांस जास्त. येथे मात्र बोकड लहानपणीच कापलेले आणि शेळ्या म्हाताऱ्या होईपर्यंत राखलेल्या दिसल्या. हा शिकाऱ्याचा हिशेब नव्हे, कळप राखणाऱ्याचा आहे. आपल्या धनगराला हा निष्कर्ष ऐकवला तर तो म्हणेल, यात नवीन ते काय सांगितले!

गायीबद्दल आपल्या देशात फार बोलले जाते, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. पश्चिम आशियातली गाय ऑरॉक्स नावाच्या रानटी गुरांपासून साडेदहा हजार वर्षांपूर्वी माणसाळली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्या सगळ्या गायींचे मूळ सुमारे ऐंशी रानगायींपर्यंत पोचते असा अंदाज निघाला. वशिंड असलेली आपली गाय वेगळी. तिचे माणसाळणे सिंधू खोऱ्याच्या बाजूला झाले. बलुचिस्तानात बोलन खिंडीजवळ मेहरगढ येथे जाँ-फ्रान्स्वा जारीज यांनी १९७४ पासून उत्खनन केले. तेथे खालच्या थरांत हरणांसारख्या रानटी जनावरांची हाडे जास्त सापडतात आणि वरच्या थरांत गुरांची हाडे वाढत जातात, तशी गुरे आकाराने लहान होत जातात. ही गुरे माणसाने पाळली, त्यांचे दूध वापरले, त्यांच्याकडून कष्ट करवून घेतले आणि त्यांचे मांसही खाल्ले. गाय देवता झाली ती फार नंतर.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली? सीरियात युफ्रेटिसच्या काठी अबू हुरेरा हे गाव धरणाखाली जाण्यापूर्वी १९७२-७३ मध्ये खणले गेले. तेथील सांगाडे थेया मोलसन यांनी तपासले. स्त्रियांच्या पायांच्या अंगठ्यांचे सांधे झिजलेले, गुडघे आणि कंबर दुखावलेली. कारण काय? रोज कित्येक तास गुडघ्यावर बसून, पायाची बोटे मुडपून, पुढे-मागे झोके घेत पाट्यासारख्या दगडावर धान्य दळणे. दळणाच्या कष्टाचा एवढा जुना पुरावा हाडांवर कोरलेला आहे. शेती आल्यावर पोटाला खात्री आली, लोकसंख्या वाढली, हे खरे. पण अनेक ठिकाणी माणसांची उंची घटली, दात किडले, रोगराई वाढली, हेही हाडेच सांगतात. रान आधी कोणी बियाणे गोळा करण्यासाठी पिंजून काढले असेल, तर ते बहुधा बायांनीच, आणि पहिल्या गावातला दळणाचा भारही त्यांच्याच गुडघ्यांवर पडला. श्रमाचा इतिहास लिहायचा तर तो तिथून सुरू केला पाहिजे.

आता एक प्रश्न नेहमी विचारला जातो. शेती आली, साठा आला, साठ्याबरोबर मालक आणि चाकर आले, मग विषमता अटळच नव्हती काय? नाही. तुर्कस्तानात चाताल ह्युयूक येथे इ.स.पू. ७१०० च्या सुमारापासून हजार वर्षे हजारो लोक शेती आणि पशुपालन करून एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांत राहिले. त्या घरांत जवळपास सारखेपणा आहे. तेथे राजवाडा सापडलेला नाही. स्त्री आणि पुरुष यांच्या आहारातही हाडांवरून मोठा फरक दिसलेला नाही. मेसोपोटेमियात उरुकसारखी शहरे, धान्याचा आणि मेंढ्यांचा हिशेब मातीच्या पाट्यांवर ठेवणारे कारकून आणि त्यावर बसलेली सत्ता इ.स.पू. ३३०० च्या सुमारास दिसते. पहिल्या पेरणीपासून तिथपर्यंत सुमारे सहा हजार वर्षे गेली. सहा हजार वर्षे माणसाने राजाविना शेती केली. तेव्हा विषमता नांगराला चिकटून आली असे म्हणणे पुराव्याला धरून नाही. ती माणसांनी नंतर उभारली.

आता आपल्या मातीकडे वळू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथील जुन्या पांढरीच्या टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी अनेक वर्षे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि त्यांचे सहकारी या कामात होते. इ.स.पू. १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतल्या शंभराहून अधिक घरांचे अवशेष तेथे मिळाले. महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांचे एवढे तपशीलवार चित्र दुसरीकडे क्वचितच मिळते. हे लोक सातू, गहू आणि कडधान्ये पिकवीत. पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी पाट खणला होता. गुरे, शेळ्या आणि मेंढ्या पाळीत. गुरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे मांस खात. मेलेली लहान मुले दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून घराच्या जमिनीखालीच पुरीत. लेकरू मेले तरी घराबाहेर जाऊ नये, असे त्या आईला वाटत असेल.

त्या गावाच्या मध्यभागी एक पाच खोल्यांचे मोठे घर सापडले आणि त्याला लागून धान्याचे कोठार. ते गावप्रमुखाचे असावे असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. कुंभार, सोनार अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती आणि सुस्थितीतले शेतकरी मध्यावर. हे वाचले की कोणाही कार्यकर्त्याच्या मनात 'हीच जातीची सुरुवात' असे येईल. आम्ही वकील आहोत. पुराव्यापेक्षा जास्त बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत फसतो, हे आम्ही रोज पाहतो. भट्टीचा धूर आणि आग यांमुळेही कुंभार कडेला राहू शकतो. तेथे मध्य आणि कड आहे, कोठाराचा धनी आहे. अस्पृश्यतेचा पुरावा तेथे नाही. आणि ही गोष्ट आपल्या बाजूची आहे. महाराष्ट्रात शेती होती, गाव होते, गुरे होती आणि अस्पृश्यतेची खूण नव्हती!

पुढे इ.स.पू. १००० नंतर पाऊसमान घटले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, लोक पुन्हा शेळ्यामेंढ्या आणि शिकारीकडे वळले आणि अखेर गाव उठले. शेतकऱ्याचा पशुपालक झाला. कोणी कायमचा शेतकरी आणि कोणी कायमचा भटका, असे इतिहासात काही नाही. आज भटक्या-विमुक्तांना 'यांना गावच नाही' असे हिणवणाऱ्यांचे पूर्वजही कधीतरी गाव उठून गेलेले असू शकतात.

येथे बाबासाहेबांच्या १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथाकडे येणे भाग आहे. आम्हाला माहीत असलेल्या विचारवंतांपैकी शेतीच्या उगमाचा प्रश्न थेट गावकुसाशी जोडणारे बाबासाहेबच. त्यांची मांडणी थोडक्यात अशी. आदिम टोळ्यांची संपत्ती गुरे होती, म्हणून त्या भटक्या होत्या. शेती आली तशी संपत्ती जमीन झाली आणि काही टोळ्या स्थिरावल्या. सर्व टोळ्या एकाच वेळी स्थिरावल्या नाहीत. भटक्या टोळ्या स्थिर गावांवर हल्ले करीत. टोळीयुद्धात पराभूत होऊन पांगलेल्या लोकांना, म्हणजे 'ब्रोकन मेन'ना, आसरा हवा होता आणि गावांना राखणदार हवे होते. ते परक्या टोळीचे म्हणून गावाच्या शिवेवर राहिले. आयर्लंड आणि वेल्समधील तशाच लोकांचे दाखले त्यांनी दिले. अस्पृश्यता मात्र नंतरची. ती साधारण इ.स. ४०० च्या सुमारास, बौद्धांविषयीचा द्वेष आणि गोमांसभक्षण या कारणांवरून जन्मली, असे त्यांनी सांगितले. अस्पृश्यांचा वंश वेगळा, हा सिद्धांत त्यांनी खोडून काढला.

आजच्या पुराव्याने यातले काय टिकते? प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 'आधी भटके पशुपालन, मग शेती' हा क्रम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला होता आणि बाबासाहेबांनी त्या वेळचे उपलब्ध ज्ञान वापरले. पश्चिम आशियात तो क्रम टिकत नाही. तेथे वस्ती आधी, शेती आणि पशुपालन जवळपास बरोबरीने, आणि कळप घेऊन भटकणारे समाज गावांतूनच पुढे निघाले. दख्खनमध्ये चित्र थोडे वेगळे आहे. कर्नाटक आणि तेलंगणातले शेणाच्या राखेचे प्रचंड ढिगारे, ज्यातला उतनूर येथील ढिगारा रेमंड ऑल्चिन यांनी १९५७ मध्ये खणला, ते पाच हजार वर्षांपूर्वीच्या गुरे राखणाऱ्यांचे आहेत, आणि कुळीथ-मुगाची शेती करणारी गावे त्या भागात ठळकपणे दिसतात ती त्यानंतर. म्हणजे आपल्या भागापुरता बाबासाहेबांचा क्रम अगदीच निराधार नाही.

हे लिहिले म्हणून कोणी आम्हाला बाबासाहेबांचे विरोधक ठरवू नये. आपला सिद्धांत हा अखेरचा शब्द नाही, हे त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यांचा ग्रंथ देव्हाऱ्यात ठेवणे सोपे आहे. त्याची तपासणी करणे हाच त्याचा मान आहे. आणि तपासणीत त्यांचे मुख्य म्हणणे टिकते. पहिले म्हणजे गावाबाहेर राहणे आणि अस्पृश्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांचा उगम वेगवेगळ्या काळात शोधला पाहिजे. दुसरे, याचे कारण वंश नव्हे. तिसरे, या अन्यायाला तारीख आहे. २०१६ साली भारतीय जनुकशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासात असे दिसले की, विशेषतः वरच्या जातींमध्ये समूहाबाहेर होणारे संबंध सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपास, अचानक थांबले. त्याआधी लोक मिसळत होते. हा अस्पृश्यतेचा थेट पुरावा नव्हे. पण १९४८ साली बाबासाहेबांनी धरलेला काळ आणि हा काळ किती जवळ येतात, हे वाचकांनी पाहावे.

आता पुन्हा त्या कैफियतीकडे. माणूस तीन लाख वर्षांचा, शेती बारा हजार वर्षांची, महाराष्ट्रातले हे जुने शेतीचे गाव साडेतीन हजार वर्षांचे, अस्पृश्यता बाबासाहेबांच्या मते दीड हजार वर्षांची आणि गायरान जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमापासूनचे. मग यातले अनादि काय? ज्यांच्या पूर्वजांनी शीव राखली, मेलेली गुरे ओढली, वतनाच्या नावाखाली वेठ केली, त्यांना शिवेच्या आत जमीन मिळाली नाही, म्हणून त्यांनी गायरान फोडून त्याची काळी केली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले आणि तुरुंग भरले. त्यानंतर १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले, पण शासकीय अधिसूचनेने पट्टे मिळालेल्या भूमिहीन मजुरांचा आणि अनुसूचित जाती-जमातींचा अपवादही त्याच निकालात नोंदवला. नोटिसा काढणारे अधिकारी निकालाचा पहिला भाग वाचतात. दुसरा भाग आपल्याला वाचून दाखवावा लागेल.

गुरांना चारा नको असे आमचे म्हणणे नाही. धनगरांच्या आणि गरीब शेतकऱ्यांच्या जनावरांना चराई लागतेच, आणि भूमिहीनांना त्यांच्याशी झुंजवण्याचा डाव आपण ओळखला पाहिजे. गायरानात कारखाने, सभागृहे आणि पुढाऱ्यांच्या संस्था उभ्या राहतात तेव्हा गुरांची आठवण कोणाला होत नाही. ती फक्त आमच्या ज्वारीच्या वेळी होते.

म्हणून समाजबांधवांना आमची विनंती आहे. पीकपाहणीचे जुने उतारे, दंडाच्या पावत्या, नोटिसा आणि पंचनामे प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा. त्या पावतीवरची तारीख हाच तुमचा इतिहास आहे. आणि सभेत बोलताना 'अनादि काळापासून' हे शब्द टाळा. अन्याय कधी सुरू झाला हे ज्याला सांगता येते, त्यालाच तो कधी संपवायचा हेही सांगता येते. आमच्या दाव्याची पुढची तारीख पडली आहे. कैफियतीतल्या त्या शब्दावर उलटतपासणीत आमचा पहिला प्रश्न असेल : अनादि म्हणजे नक्की कोणत्या साली?